खोक्यात काय नाही, ते पैसे देण्याआधी विचारा

उन्हाळ कांद्याचे पैसे हाती आले किंवा पोरगी बारावीनंतर नाशिकला शिकायला निघाली, की देवळा तालुक्यातल्या घरांत नव्या मोबाईलचा विषय निघतोच. बजेट ठरतं, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि बॅटरी किती एमएएचची यावर चर्चा होते, आणि खोकं घरी आल्यावर कळतं की आत चार्जरच नाही. तोवर दुकान बंद झालेलं असतं, किंवा फोन ऑनलाइन मागवलेला असल्यामुळे विचारायचं कुणाला हेच समजत नाही. मग जवळच्या टपरीवरून शे-दीडशे रुपयांचा चार्जर येतो आणि वीस हजारांचा फोन त्याला जोडला जातो. गोष्ट त्या चार्जरपर्यंत जाऊच नये, एवढ्यासाठी हा लेख.

चार्जर हे फक्त ठळक उदाहरण. सीसीटीव्हीचा संच येतो, हार्ड डिस्क येत नाही. प्रिंटर येतो, कॉम्प्युटरला जोडायची केबल येत नाही. विहिरीवरची मोटार फोनवरून चालू-बंद करणारा मोबाईल ऑटो येतो, त्यातलं सिम आपण आणायचं आणि त्याचा रिचार्जही आपणच करायचा. नाशिकात किंवा पुण्यात राहणाऱ्याला राहून गेलेली वस्तू संध्याकाळी जाऊन आणता येते. आपल्याकडे कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचं तर भावडबारीचा घाट ओलांडून चांदवडमार्गे नाशिक, नाहीतर मालेगाव. एका केबलसाठी अख्खा दिवस मोडतो, म्हणून मिळेल ती वस्तू घेतली जाते. शहरातल्या गिऱ्हाइकाची जी गैरसोय, तिचं गावात सरळ नुकसान होतं.

म्हणून खरेदीला निघताना किंमत मोजण्याची पद्धत बदला. वस्तू आपल्या घरात, आपल्या शेतात, आपल्याकडच्या लाईटवर आणि आपल्याकडच्या रेंजवर चालू होईपर्यंत खिशातून जितके पैसे जातील, ती तिची किंमत. दुकानातल्या काचेवर लावलेला आकडा हा त्यातला एक भाग.

चार्जर कुठे गेला

खोक्यात चार्जर न देण्याची पद्धत रुळली २०२०पासून. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलने आयफोन १२ आणला आणि खोक्यातून चार्जर आणि इयरफोन दोन्ही काढले. कंपनीचं म्हणणं असं, की जगात आमचे दोनशे कोटींहून जास्त चार्जर आधीच पडून आहेत. शिवाय खोकं लहान झालं की माल लादताना तेवढ्याच जागेत ७० टक्के जास्त खोकी मावतात, म्हणजे वाहतूक कमी आणि प्रदूषणही कमी. जानेवारी २०२१मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२१ मालिकेत तेच केलं. पुढे गूगल पिक्सेल आणि नथिंग या फोनांनीही तीच वाट धरली, आणि २०२२मध्ये सॅमसंगच्या मध्यम किमतीच्या फोनांतूनही चार्जर जाऊ लागला. महागड्या फोनपुरती वाटलेली गोष्ट पाहता पाहता आपल्या बजेटात आली. आता ती लॅपटॉपपर्यंत पोचते आहे: २०२५च्या ऑक्टोबरात आलेला नवा १४ इंची मॅकबुक प्रो युरोपात चार्जरशिवाय विकला जातो. भारतात अनेक कंपन्या अजून चार्जर देतात, पण एकाच कंपनीच्या एका मॉडेलमध्ये तो असतो आणि दुसऱ्यात नसतो. शेजाऱ्याच्या फोनबरोबर आला म्हणून आपल्याही येईल हे धरून चालू नका.

पर्यावरणाचा मुद्दा खोटा नाही. युरोपीय संघाच्या अंदाजानुसार तिथे फेकलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरांचा कचरा वर्षाला सुमारे ११,००० टन होतो. पण आयफोन १२च्या खोक्यात जी केबल होती तिचं चार्जरकडचं टोक टाइप-सी होतं, आणि घरोघरचे जुने चार्जर बहुतेक चौकोनी, टाइप-ए तोंडाचे. जुन्या आयफोनवाल्याकडे निदान जुनी केबल तरी होती. पहिल्यांदाच आयफोन घेणाऱ्याच्या हातात न बसणारी केबल आली. आपल्याकडे ज्या घरात बटणाचा फोन जाऊन पहिलाच स्मार्टफोन येतो, त्या घराला ‘तुमच्याकडे चार्जर असेलच’ असं सांगणं अन्यायाचं आहे. चार्जर काढला तर त्याचे किती पैसे कमी केले, हे खोक्यावर दिसलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या देशांनी याचा विचार आपापल्या परीने केला. ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्याच्या ग्राहक संरक्षण संस्थेने मार्च २०२१मध्ये ॲपलला १ कोटी रेआलहून जास्त दंड केला, आणि सप्टेंबर २०२२मध्ये तिथल्या न्याय मंत्रालयाने चार्जरशिवाय आयफोन विकायलाच मनाई केली. फ्रान्समध्ये फोनच्या लहरींपासून मुलांचं रक्षण व्हावं म्हणून फोनबरोबर इयरफोन देणं कायद्याने सक्तीचं होतं, त्यामुळे जगभर इयरफोनशिवाय विकला जाणारा आयफोन १२ तिथे इयरफोनसह मिळत होता. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४पासून विकायला येणाऱ्या नव्या फोनना टाइप-सी तोंड लागतं, आणि आत चार्जर आहे की नाही हे खोक्यावर चित्राने दाखवावं लागतं. निरक्षर माणसालाही समजेल अशी ती खूण आपल्याकडे यायला हवी. भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचं मानक तयार केलं आहे. पण चार्जर द्यायलाच हवा असा नियम भारतात नाही. त्यामुळे विचारायचं काम आज आपल्यालाच करावं लागतं.

जुना चार्जर चालेल का?

घरात जुना चांगला चार्जर असेल तर आधी तोच तपासा. त्याच्या अंगावर बारीक अक्षरांत इनपुट आणि आउटपुटचे आकडे छापलेले असतात. वाचता येत नसतील तर फोनने फोटो काढून मोठा करा. आउटपुटपुढच्या व्होल्ट आणि अँपिअर या आकड्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. ५ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे १० वॅट; ९ व्होल्ट आणि २.२२ अँपिअर म्हणजे २० वॅट. आता फोनकडे बघा. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास वीज मावते. काही वीज उष्णतेत जाते आणि शेवटी फोन हळू भरतो, हे धरून १० वॅटच्या चार्जरला अडीच-तीन तास लागतात. बटणाच्या फोनचा ५ व्होल्ट १ अँपिअरचा चार्जर पाच तास घेईल. फोन त्याने बिघडत नाही. रात्री लावून सकाळी काढणाऱ्या आजीला तो पुरेसा आहे, नवा घेण्याची गरज नाही. ज्या वस्तीवर लाईट तासा-तासाला जाते, तिथे मात्र मिळालेल्या वेळात फोन भरणारा जलद चार्जर घेतलेला बरा.

जास्त वॅटचा चार्जर लावला तर बॅटरी फुगेल, अशी भीती पुष्कळांना असते. नीट बनवलेल्या चार्जरबाबत तसं होत नाही, कारण किती वीज घ्यायची हे फोन ठरवतो. खरा धोका बिननावाच्या चार्जरचा. त्यात घरातली २३० व्होल्टची बाजू आणि फोनकडची ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये जे अंतर आणि जे इन्सुलेशन लागतं, त्यात काटकसर केलेली असते. मधला एक भाग निकामी झाला की घरातला करंट थेट केबलमध्ये उतरू शकतो, आणि त्या वेळी फोन कुणाच्या तरी हातात असतो. दीडशे रुपयांच्या चार्जरबद्दल मी इतकं का बोलतो, ते याच्यासाठी. चार्जरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असावा लागतो. ‘बीआयएस केअर’ हे सरकारी ॲप फोनमध्ये घ्या आणि दुकानात उभ्या उभ्या तो क्रमांक टाकून बघा. क्रमांक एका कंपनीचा आणि चार्जरवर नाव दुसऱ्याचं असेल तर परत ठेवा. इनपुटपुढे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं आहे ना, हेही पाहा. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा हा पल्ला कामी येतो.

जलद चार्जिंगच्या बाबतीत दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: हा फोन पीडीवर चालतो की कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीवर? पीडी, म्हणजे यूएसबी पॉवर डिलिव्हरी, ही सगळ्यांना खुली असलेली पद्धत आहे. आयफोन, पिक्सेल आणि सॅमसंग हे तिच्यावर चालतात. सॅमसंगचा पूर्ण वेग हवा असेल तर चार्जरवर पीपीएस ही अक्षरंही लागतात. ओप्पो, रियलमी आणि वनप्लस यांची व्हूक, सुपरव्हूक ही पद्धत त्यांची स्वतःची. तिथे चार्जर आणि केबल दोन्ही त्याच जातीचे लागतात. ८० वॅट म्हणून विकलेल्या अशा फोनला दुसऱ्या कंपनीचा ६५ वॅटचा पीडी चार्जर लावला तर तो बऱ्याचदा फारच हळू भरतो, आणि दोष चार्जरचा समजून लोक तिसरा विकत घेतात. केबलही बघून घ्या. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतची, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॅटची असते. त्यापुढे ५ अँपिअरची केबल लागते, आणि सॅमसंगच्या ४५ वॅटच्या चार्जिंगलाही तीच लागते.

घरात पडलेले खराब चार्जर कचऱ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. ई-कचऱ्याच्या २०२२च्या नियमांनी तो माल गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवीन वस्तू घेताना विक्रेत्याला विचारा, नाशिकला गेलात तर सोबत न्या.

शेतावरच्या वस्तू

मोबाईलवर बरंच लिहिलं जातं. शेतकरी जी यंत्रं घेतो त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, आणि फसगत तिथे जास्त होते.

मोबाईल ऑटोचं बघा. थ्री-फेज लाईट रात्रपाळीला असली की अंधारात, बिबट्याच्या धाकात विहिरीवर जाण्यापेक्षा घरून मोटार चालू करता येते, ही साधी सोय नव्हे, माणसाच्या जिवाशी जोडलेली गोष्ट आहे. पण खोक्यात बहुतेक वेळा फक्त ऑटोचा डबा आणि अँटेना निघतो. सिम, रिचार्ज, वायरी, बसवणाऱ्याची मजुरी वेगळी. आणि आपला स्टार्टर जुना असेल तर तोही बदलायला लागू शकतो. स्टार्टर साधा डीओएल आहे की स्टार-डेल्टा, मोटार किती एचपीची, हे कागदावर लिहून दुकानात न्या. सिमबद्दल आवर्जून विचारा. अनेक ऑटो अजून टू-जीवर चालतात आणि जिओकडे टू-जीचं जाळंच नाही, त्यामुळे जिओचं सिम त्यात चालत नाही. ऑटो घेण्याआधी फोन घेऊन विहिरीवर जा आणि कुठल्या कंपनीची रेंज येते ते बघा. रेंज बेताची असेल तर अँटेनाची लांब वायर लागेल, ती सोबत मिळते का, हा पुढचा प्रश्न. विहिरीचं पाणी संपल्यावर मोटार आपोआप बंद होण्याची सोय आत आहे की तिचा सेन्सर वेगळा घ्यायचा, हेही ठरवून घ्या. ती सोय नसल्यामुळे मोटार जळली, तर ऑटोचे पैसे परत मिळण्याचं काही कारण उरत नाही.

कांदा चाळीवर कॅमेरा लावण्याचं प्रमाण वाढलं आहे, आणि ते बरोबरच आहे. चार-पाच महिने सगळं उत्पन्न तिथे पडून असतं. पण चाळीपाशी वाय-फाय नसतं आणि लाईटचीही खात्री नसते. तेव्हा दुकानात स्वस्तात दिसणारा वाय-फाय कॅमेरा तिथे निरुपयोगी. तिथे फोर-जी सिमचा, सोलर पॅनेल आणि बॅटरीसह येणारा कॅमेरा लागतो. तोही घेताना पॅनेल खोक्यात आहे का, खांबाला लावायचा क्लॅम्प आहे का, मेमरी कार्ड आहे का, असं एकेक विचारा. मेमरी कार्ड बहुधा नसतं. बाजारात बनावट कार्डं खूप असतात. वर १२८ जीबी छापलेलं आणि आत त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकीही जागा नसलेलं कार्ड जुनं चित्रण चुपचाप पुसत राहतं. चोरी झाल्यावर ते कळून उपयोग नाही. कार्ड आणलं की मोठ्या फायली टाकून ते पूर्ण भरा आणि सगळ्या उघडतात का पाहा. परत द्यायची मुदत असतानाच हे करा. चार-आठ कॅमेऱ्यांचा संच घेणार असाल तर चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरच्या किमतीत हार्ड डिस्क, केबल, कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय यांतलं काय धरलं आहे, ते लिहून घ्या.

कुंपणाच्या झटका मशीनचंही तसंच. जाहिरातीतला आकडा बहुतेकदा एकट्या मशीनचा असतो. १२ व्होल्टची बॅटरी, पॅनेल, तार, इन्सुलेटर, अर्थिंगची सळई हे मिळून खर्च कितीतरी वाढतो. बॅटरी महाग पडते म्हणून कुंपणाला थेट लाईटची वायर जोडण्याचा मोह कुणी करू नये. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं मेली आहेत.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. एसीची किंमत सांगताना बसवण्याचा खर्च, बाहेरच्या युनिटचा स्टँड आणि जास्तीचा तांब्याचा पाइप बहुधा धरलेला नसतो. भिंतीपासूनचं अंतर मोजून मगच दर विचारा. टीव्हीला भिंतीवरचा स्टँड फुकट मिळतो की नाही हे ऑर्डर देताना ठरतं, बसवायला माणूस आल्यावर नाही. प्रिंटरबरोबर येणारी पहिली कार्ट्रिज अनेकदा कमी शाईची असते. सेतू केंद्र किंवा सीएससी चालवणाऱ्यांनी अंगठ्याचं यंत्र घेताना त्याची आरडी सेवा किती मुदतीची मिळते आणि पुढे नूतनीकरणाला काय लागतं ते विचारावं, नाहीतर एक दिवस यंत्र ठीक असून काम बंद पडतं.

अमेरिकेहून कुणी भाचा किंवा मुलगी फोन आणणार असेल तर आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये १४व्या मालिकेपासून सिम घालायची जागाच नाही, फक्त ई-सिम चालतं. आपल्या कंपनीकडून ई-सिम घेता येतं, पण त्याची तयारी आधी करा. तिकडच्या चार्जरच्या पिना चपट्या असतात. व्होल्टेज चालतं, पण पिन बदलणारा चांगला ॲडॉप्टर लागतो.

बिलावर लिहून घ्या

दुकानात पैसे देण्याआधी खोक्याची बाजू वाचा. आवेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांप्रमाणे खोक्यात एकापेक्षा जास्त वस्तू असतील तर प्रत्येकीचं नाव आणि संख्या वर छापावी लागते. ती यादी मोठ्याने वाचा आणि दुकानदारासमोर खोकं उघडून ताळा करा. यात दुकानदाराचा अपमान नाही, चांगला दुकानदार स्वतःच तसं करतो. तोंडी कबूल केलेली वस्तू बिलावर यायलाच हवी: ‘चार्जरसह’, ‘हार्ड डिस्क वेगळी’, ‘स्टँड मोफत’. कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानू नका. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४मध्ये ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. या चळवळीने पक्क्या बिलाचा आग्रह धरला, तो आजही तितकाच लागू आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरवलेली आहे. चार्जर वेगळा घेतला तर त्याचंही बिल स्वतंत्र जपा. पुष्कळ कंपन्या फोनला वर्षाची आणि खोक्यातल्या चार्जर-केबलला सहाच महिन्यांची वॉरंटी देतात, त्यामुळे कोणती तारीख कशाला लागू, हे तेव्हाच लिहून ठेवा.

‘कव्हर आणि इन्शुरन्स घेतलात तरच फोन मिळेल’ असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणं त्याच कायद्यात प्रतिबंधक व्यापार प्रथा म्हटलं आहे. ऑनलाइन खरेदीत न विचारता जास्तीची वस्तू यादीत घुसवणं हे फसव्या युक्त्यांविरुद्धच्या ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मना आहे. तरी पैसे भरण्याआधीचं शेवटचं पान ओळ ओळ वाचा. ऑनलाइन मागवताना ‘खोक्यात काय आहे’ या मथळ्याखालच्या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण ती यादी पुढे बदलू शकते. पार्सल आल्यावर सील दिसेल असं धरून, न थांबता, उघडतानाचा व्हिडिओ करा.

तक्रार करण्याआधी एक फरक समजून घ्या. खोक्यावर चार्जर नाही असं लिहिलेलं असेल आणि तो निघाला नाही, तर त्यावर दाद मिळणं अवघड आहे. यादीत आहे आणि आत नाही, किंवा जाहिरातीत दाखवला आणि दिला नाही, तर तुमची बाजू भक्कम. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीसारखा नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तेवढ्याने भागलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. त्यापुढे नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. विकणारा दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. सोबत बिल, खोक्यावरच्या यादीचा फोटो, उघडतानाचा व्हिडिओ आणि विक्रेत्याशी झालेला लेखी पत्रव्यवहार जोडा; फोनवर बोलणं झालं असेल तर त्याच दिवशी तेच म्हणणं ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, म्हणजे तारीख राहते.